लहान छिद्रांचा सर्जन आणि एक मोठा छेद : रिव्हिजन एसीएलचं प्रकरण

हे प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेलं आहे. त्यातले सर्जन, खेळाडू, फिजिओ या कुणी विशिष्ट व्यक्ती नाहीत. ज्या अभ्यासांचा आणि आकड्यांचा उल्लेख येतो ते मात्र प्रसिद्ध झालेले, खरे आहेत. गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना जोडणारा लिगामेंट, तुटला की त्याच्या जागी दुसरा पट्टा, म्हणजे ग्राफ्ट, बसवतात. तोही तुटला की पुन्हा करायची शस्त्रक्रिया ती रिव्हिजन. अशा वेळी चर्चा बहुतेक वेळा ग्राफ्टसाठी हाडात पाडलेल्या बोगद्याची जागा, ग्राफ्टची जाडी, स्क्रूची निवड याच गोष्टींभोवती फिरते. ती इथेही होईलच. पण या प्रकरणात मला जास्त रस आहे तो सर्जनमध्ये. कारकिर्दीच्या मध्यावर आलेला, हातात सफाई असलेला, दुर्बिणीवरच वाढलेला सर्जन अशा वेळी काय करतो?

सर्जन

वय चाळिशीच्या आसपास. अस्थिरोगात पदव्युत्तर शिक्षण, मग आर्थ्रोस्कोपी, म्हणजे सांध्याची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया, आणि क्रीडावैद्यक यांतली फेलोशिप, मग स्वतंत्र काम. फ्रॅक्चरची हाडं त्यांनी भरपूर उघडली, सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियांनाही हात लावला. पण लिगामेंटसाठी उघडलेला गुडघा किंवा निखळणाऱ्या खांद्यासाठी उघडलेला खांदा त्यांनी शिकताना क्वचितच पाहिला. त्यांच्या पिढीचं सगळं शिक्षण पडद्यावरचं. एका हातात चार मिलिमीटर जाडीची, तीस अंशांच्या कोनातून बघणारी दुर्बीण, दुसऱ्या हातात हत्यार, आणि मान वर करून समोरच्या पडद्यावर रोखलेले डोळे. दोन्ही हात एकमेकांना न बघता एका बिंदूवर आणायचे, ही या कामातली पहिली अवघड पायरी. ती ज्याला लवकर जमते त्याचं नाव लवकर होतं. यांचं झालं होतं.

या तंत्राचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय बघायच्या दुर्बिणीतून मृतदेहाच्या गुडघ्यात डोकावून पाहिलं. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांची २१ क्रमांकाची दुर्बीण १९५९ ची. १९६२ मध्ये वातानाबेंनीच दुर्बिणीतून मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीचा, फाटका तुकडा काढला. कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन १९६४ मध्ये टोकियोला गेले, तिथे हे शिकले आणि उत्तर अमेरिकेत घेऊन आले. त्याआधी फाटलेल्या मेनिस्कससाठी गुडघा उघडून अख्खा मेनिस्कस काढून टाकत. त्याची किंमत सांध्याला मोजावी लागते, हे फेअरबँक यांनी १९४८ मध्येच एक्स-रे दाखवून मांडलं होतं. दुर्बिणीमुळे हवा तेवढाच भाग काढता आला, पुढे शिवताही आला. हा फायदा खराच.

पण जे सोपं होतं ते जास्त केलं जातं. झिजलेले गुडघेही दुर्बिणीने धुतले जाऊ लागले. २००२ मध्ये मोझली आणि सहकाऱ्यांनी १८० रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात काहींवर फक्त कातडीला छेद देऊन शस्त्रक्रियेचं सोंग केलं होतं, आणि खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्यापेक्षा जास्त आराम पडला नव्हता. २०१३ मध्ये फिनलंडमधल्या १४६ रुग्णांच्या अभ्यासात झिजेतून फाटलेला मेनिस्कस कापण्याबद्दल तेच दिसलं. आपल्या सर्जननी हे अभ्यास वाचले होते आणि मानलेही होते. पन्नाशीतल्या झिजलेल्या गुडघ्यांना ते व्यायाम सांगून परत पाठवत. आपण संयमी सर्जन आहोत असं त्यांना वाटे, आणि त्या बाबतीत ते खरंही होतं.

पहिली शस्त्रक्रिया

खेळाडू अठरा वर्षांची, फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळणारी. धावता धावता पाय रोवून वळली, गुडघ्यात ‘टक्’ झालं, काही तासांत गुडघा सुजला. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेला, हाडाला मार, मेनिस्कस ‘ठळकपणे फाटलेला दिसत नाही’. तपासणीत एक गोष्ट नोंदवलेली होती, पण तिच्यावरून पुढे काहीच ठरलं नाही. तिचे दोन्ही गुडघे सरळ रेषेच्या मागे दहा अंश जात होते. सांधे मुळातच सैल. भूल दिल्यावर पिव्होट शिफ्टही जोरदार मिळाली होती, म्हणजे नडगी पुढे सरकून झटक्याने जागेवर येत होती.

सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ व्हायला लागल्यावर शस्त्रक्रिया झाली. हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचा, चार पदरी ग्राफ्ट, जाडी साडेसात मिलिमीटर. मांडीच्या हाडातला बोगदा पुढच्या आतल्या छिद्रातून, मूळ लिगामेंटच्या जागीच. रेकॉर्डिंग बघितलं तर हेवा वाटावा असं काम. कातडीवर दोन छिद्रं आणि नडगीवर तीन सेंटीमीटरचा छेद, एवढंच. दुसऱ्या दिवशी ती घरी गेली.

सातव्या महिन्यात फिजिओने चाचण्या घेतल्या. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या ८१ टक्के, एका पायावरच्या लांब उडीचं अंतर ८४ टक्के. साधारणपणे दोन्हीत किमान ९० अपेक्षित असतात. फिजिओने कागदावर लिहिलं, ‘सामना अजून नको.’ तो कागद फाईलमध्ये गेला. त्याच आठवड्यात ओपीडीत सर्जननी गुडघा तपासला. सूज नाही, लॅकमन (नडगी पुढे ओढून बघायची चाचणी) घट्ट, व्रण जेमतेम दिसणारे. ते म्हणाले, “छान आहे. हळूहळू सुरू कर.”

‘हळूहळू सुरू कर’ हे वाक्य सर्जनच्या डोक्यात एक आणि प्रशिक्षकाच्या डोक्यात दुसरं असतं. संघाचा बाद फेरीचा सामना जवळ आला होता. आठव्या महिन्यात, सामन्यात, वळतानाच ग्राफ्ट तुटला.

“चुकलं कुणाचं?”

वडिलांनी आडवळण घेतलं नाही. “डॉक्टर, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. चुकलं कुणाचं? आणि आता दुसरं ऑपरेशन तुम्हीच करणार का?”

हे दोन प्रश्न आहेत, आणि कारकिर्दीच्या दृष्टीने दुसरा अवघड. पहिल्याचं उत्तर द्यायला माहिती लागते. दुसऱ्यासाठी सर्जनला आपल्या हाताची मर्यादा मोठ्याने बोलून दाखवावी लागते. त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही, सगळं बघून आठवड्याने बोलू असं सांगितलं. हे त्यांनी योग्य केलं असं माझं मत आहे. घाईत दिलेलं उत्तर एक तर बचावाचं होतं, नाही तर कबुलीजबाबाचं. रुग्णाला दोन्हीचा उपयोग नसतो.

सीटीत बोगदे योग्य जागी, फार रुंदावलेलेही नाहीत. त्यामुळे आधी हाड भरून काही महिने थांबायचं आणि मग ग्राफ्ट बसवायचा, अशा दोन टप्प्यांची गरज नव्हती. नडगीच्या वरच्या पृष्ठभागाचा उतार दहा अंश, म्हणजे हाड कापून तो कमी करावा इतका जास्त नाही. तंत्रात ठळक चूक सापडत नव्हती. खरं तर चूक सापडली असती तर सगळं सोपं झालं असतं. बोगदा हलवला की प्रश्न मिटला.

मग काय उरलं? ग्राफ्टची जाडी, तिचं वय, सैल सांधे, जोरदार पिव्होट शिफ्ट, आणि वेळ.

मॅग्नुसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हॅमस्ट्रिंग ग्राफ्टच्या २५६ रुग्णांचा आढावा छापला. आठ मिलिमीटरहून जाड ग्राफ्टमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया १.७ टक्के रुग्णांना लागली, सात किंवा त्याहून बारीक असलेल्यांत १३.६ टक्क्यांना. वीस वर्षांखालच्यांत धोका अधिक. आपल्या खेळाडूचा ग्राफ्ट मधल्या गटातला.

२०२० मध्ये गेटगुड आणि सहकाऱ्यांचा ‘स्टॅबिलिटी’ अभ्यास आला. पंचवीस वर्षांपर्यंतचे ६१८ रुग्ण, सगळ्यांना हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या निम्म्यांना सोबत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक जादा आधार. दोन वर्षांत ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण नुसत्या ग्राफ्टमध्ये ११ टक्के, आधार दिलेल्यांत ४ टक्के. त्या अभ्यासात घ्यायला तीनपैकी दोन निकष पुरेसे होते : वळणावळणाचा खेळ, जोरदार पिव्होट शिफ्ट, सैल सांधे. आपल्या खेळाडूत तिन्ही होते.

सर्जननी हा अभ्यास वाचला नव्हता असं नाही. मग केलं का नाही? कारण तो आधार दुर्बिणीतून देत नाहीत. त्यासाठी मांडीच्या बाहेरच्या अंगाला पाच-सहा सेंटीमीटरचा छेद लागतो. ज्या माणसाची ओळखच लहान छिद्रांची, त्याच्या डोक्यात असा छेद पर्याय म्हणून उमटायलाच वेळ लागतो. यात लबाडी नसते. ज्याचा हात ज्या हत्यारावर बसलेला असतो, त्याला गुडघा त्याच हत्यारातून दिसतो.

खांद्याच्या बाबतीत हे वीस वर्षं आधी घडून गेलं होतं. २००० मध्ये बर्कहार्ट आणि डी बिअर यांनी वारंवार निखळणाऱ्या खांद्यांवरच्या दुर्बिणीतून केलेल्या १९४ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. हाड शाबूत असलेल्यांत खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण ४ टक्के, हाडाचा मोठा भाग गेलेल्यांत ६७ टक्के. बर्कहार्ट हे खांद्याच्या आर्थ्रोस्कोपीचे अगदी आघाडीचे पुरस्कर्ते. त्यांनीच, अशा खांद्याला उघडून हाडाचा तुकडा बसवा, असं सांगितलं. आपलं आवडतं तंत्र कुठे थांबतं हे त्या तंत्राच्या माणसानेच मोजून दाखवलं, हे मला त्या आकड्यांइतकंच मोलाचं वाटतं.

वेळ

ग्राफ्ट बसवला की तो लगेच लिगामेंट होत नाही. शरीरातून काढलेला स्नायुबंध रक्तपुरवठा तुटल्यामुळे आधी आतून मरतो. मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात, तंतूंची रचना बदलत जाते. याला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. बाहेरचा छेद तीन सेंटीमीटरचा असो की पंधराचा, या प्रक्रियेला त्याची खबरही नसते. पण माणसं छेदाकडे बघून अंदाज बांधतात. व्रण लहान, दुसऱ्या दिवशी घरी, तिसऱ्या महिन्यात सायकल, म्हणजे गुडघा बरा. आई-वडील, प्रशिक्षक, संघातल्या मैत्रिणी, सगळ्यांना हे वाटणं साहजिक. सर्जनलाही वाटावं, ही या प्रकरणातली खरी गोम.

ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास यावर नेमकं बोलतो. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत, खेळात परतणं जितके महिने पुढे ढकललं त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी होत गेलं. ताकद आणि उड्यांच्या चाचण्या पार न करता परतलेल्यांत ३८.२ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, पार करून परतलेल्यांत ५.६ टक्क्यांना. फाईलमधला तो फिजिओचा कागद या आकड्यांच्या शेजारी ठेवून बघावा.

आठवड्याने सर्जननी वडिलांना आणि मुलीला समोर बसवून जे समजलं ते सांगितलं. बोगदे बरोबर होते. ग्राफ्ट जरा बारीक मिळाला. तिच्यासारख्या गुडघ्याला बाहेरून आधार द्यायचा पर्याय होता, तो आपण दिला नाही. चाचण्या कमी पडल्या होत्या आणि आपण ‘सुरू कर’ म्हणालो. आणि दुसऱ्या प्रश्नाला उत्तर : “मी करेन, पण एकटा नाही. बाहेरचा आधार मी स्वतंत्रपणे केलेला नाही. आमचे ज्येष्ठ सर त्यात मुरलेले आहेत. ते सोबत असतील. तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल तर सगळी फाईल आणि रेकॉर्डिंग मी देतो.”

दोन दिवसांनी वडील मुलीला घेऊन परत आले.

दुसरी शस्त्रक्रिया

ज्येष्ठ सर निवृत्तीच्या जवळ आलेले. बाहेरून आधार द्यायच्या शस्त्रक्रिया त्यांनी तरुणपणी केल्या होत्या. फ्रान्सच्या लेमेर यांनी १९६७ मध्ये मांडलेली ही कल्पना पुढची काही वर्षं जोरात चालली. तेव्हा आतला ग्राफ्ट न घालता नुसता बाहेरचा आधार द्यायचे. तो सैल पडायचा, किंवा फार आवळला तर गुडघा आखडायचा, म्हणून मागे पडली. २०१३ मध्ये बेल्जियमच्या क्लास आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या पुढच्या-बाहेरच्या लिगामेंटवर शोधनिबंध छापला आणि सगळ्यांचं लक्ष पुन्हा त्या बाजूला गेलं. आता तीच जुनी शस्त्रक्रिया आतल्या ग्राफ्टची जोडीदार म्हणून परत आली आहे.

भूल दिल्यावर पिव्होट शिफ्ट तपासली. पहिल्या वेळेपेक्षा जोरदार. मग दुर्बीण दोन हाडांच्या मधल्या खाचेतून, मागच्या क्रूशिएट लिगामेंटच्या कडेने गुडघ्याच्या मागच्या आतल्या कप्प्यात सारली. तिथे मेनिस्कस आपल्या मागच्या आवरणापासून सुटलेला दिसला. याला रॅम्प लिजन म्हणतात. एमआरआयमध्ये ही फट अनेकदा निसटते, कारण पाय सरळ ठेवून फोटो काढतात आणि पाय सरळ असताना फट मिटलेली असते. समोरून बघून तर ती सापडतच नाही. ती पहिल्यापासून होती की दुसऱ्या दुखापतीत झाली? पहिल्या वेळच्या रेकॉर्डिंगमध्ये मागचा कप्पा घेतलेलाच नव्हता. त्यामुळे या प्रश्नाला उत्तर नाही.

शिवायला मागच्या आतल्या बाजूने एक छिद्र लागतं. तिथून सॅफेनस नर्व्ह आणि शीर जाते. थिएटरचे दिवे मालवले, तेव्हा आतल्या दुर्बिणीच्या उजेडाने कातडी लालसर झाली आणि शिरेची काळी रेघ स्पष्ट उमटली. रेघ चुकवून सुई, मग पातं. टाके घालून मेनिस्कस जागेवर आणला.

ग्राफ्ट या वेळी गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्ट्याचा, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असलेला. दहा मिलिमीटर रुंद. त्यासाठी गुडघ्यावर समोरून उभा छेद. या ग्राफ्टची किंमतही आहे. गुडघे टेकून बसताना पुढे दुखण्याचा संभव असतो, आणि हे आधी सांगितलेलं बरं.

शेवटी बाहेरचा छेद. इलिओटिबियल बँडमधून, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या अंगाने जाणाऱ्या पट्ट्यातून, एक सेंटीमीटर रुंद, आठ सेंटीमीटर लांब पट्टी सोडवली. खालचं टोक नडगीला तसंच ठेवलं, वरचं टोक बाहेरच्या कोलॅटरल लिगामेंटखालून ओवून मांडीच्या हाडावर बसवायचं. इथे ज्येष्ठ सरांनी हात थांबवला. “पाऊल कोण धरलंय? बाहेर फिरतंय ते. सरळ धरा, मध्यात.” पाऊल बाहेर वळलेलं असताना पट्टी पक्की केली तर गुडघा त्या स्थितीत जखडतो. जुन्या काळी आखडलेले गुडघे मिळायचे त्यामागचं हे एक कारण. आणि ताण? “पट्टी सपाट बसली की झालं. ओढायची नाही.” हे सगळं पुस्तकात आहे. तरी सहायकाच्या मनगटाकडे कधी बघायचं, हे टेबलाशी उभं राहूनच कळतं.

पुढचं वर्ष

पहिले आठवडे आधीपेक्षा जड गेले. बाहेरच्या बाजूने दुखणं जास्त, मांडीचा स्नायू जागा व्हायला उशीर. मुलीने एकदा फिजिओला विचारलं, “ताई, एवढे मोठे टाके म्हणजे या वेळी जास्त बिघडलं होतं का?” फिजिओने तिला बोगद्यांचा सीटी दाखवून समजावलं. व्रणाची लांबी आणि दुखापतीची तीव्रता वेगवेगळी असते हे तिला कुणी पहिल्यांदा सांगितलं असेल तर ते इथे.

परतण्याचा नियम बदलला. वर्षाच्या आत सामना नाही. चाचण्यांचा कागद सर्जन आधी वाचणार, मग रुग्ण आत येणार. सामन्याच्या परवानगीवर फिजिओची सही नसेल तर सर्जनची सही नाही. हा बदल मला शस्त्रक्रियेतल्या कुठल्याही बदलाइतकाच मोठा वाटतो, कारण त्यात सर्जनने अधिकाराचा एक भाग सोडून दिला आहे. ऐकायला सोपं आहे, ओपीडीच्या गर्दीत पाळायला नाही.

तेराव्या महिन्यात ताकद ९३ टक्के, उडी ९५. मनाची तयारी मोजणाऱ्या प्रश्नावलीत मात्र ती कमी पडली. वळताना पाय रोवायची भीती गेली नव्हती. ती आणखी थांबली, मग राखीव खेळाडू म्हणून थोडा थोडा वेळ मैदानात येऊ लागली. दुसऱ्या, न दुखावलेल्या गुडघ्याचा धोका कायम आहे. त्याचे व्यायाम सुरू आहेत.

मतभेद

विभागाच्या बैठकीत हे प्रकरण मांडलं तेव्हा एकमत झालं नाही. ज्येष्ठ सरांचं म्हणणं, पहिल्याच वेळी बाहेरचा आधार द्यायला हवा होता. फिजिओचं म्हणणं, ८१ टक्के ताकदीवर सामना खेळली, तर आधार असता तरी ग्राफ्ट तुटलाच असता. एका तरुण सहकाऱ्याने आठवण करून दिली की स्टॅबिलिटी अभ्यासात नुसत्या ग्राफ्टवाल्यांपैकीही १०० मध्ये ८९ जणांचा ग्राफ्ट दोन वर्षांत तुटला नव्हता. मग प्रत्येक अठरा वर्षांच्या गुडघ्याला जादा छेद द्यायचा का? माझा कल फिजिओकडे आहे, पण पूर्ण नाही. तिन्ही निकष जुळत असताना आधाराचा विचार तरी कागदावर यायला हवा होता. नाकारला असता तरी चाललं असतं, पण कारण लिहून.

सर्जनच्या कामात त्यानंतर काही गोष्टी दिसतात. प्रत्येक एसीएलमध्ये मागचा कप्पा बघून रेकॉर्ड होतो. भूल दिल्यावरची पिव्होट शिफ्ट योजना पक्की करण्याआधी नोंदवली जाते, आणि संमतिपत्रात बाहेरच्या छेदाची शक्यता आधीच लिहिलेली असते. ज्येष्ठ सरांच्या निवृत्तीआधी त्यांच्या उघड्या शस्त्रक्रियांत सहायक म्हणून उभं राहायचं त्यांनी ठरवलं. चाळिशीतला, स्वतःचे फेलो असलेला सर्जन रिट्रॅक्टर (छेदाच्या कडा ओढून धरायचं हत्यार) धरून उभा, हे काहींना विचित्र वाटलं. पहिल्या यादीत गुडघा नव्हता. हाड गेलेला एक खांदा होता, लाटार्जेसाठी, म्हणजे उघडून हाडाचा तुकडा बसवायच्या शस्त्रक्रियेसाठी, आणि तो त्यांनी याआधी फक्त पडद्यावर पाहिला होता.